येऊन राहिलो

सौंदड,
१८ जानेवारी २०२५

आदरणीय रविता वहिनी,

नमस्कार. आई आणि मी बरे आहोत. दवनीवाड्याला तुमच्या माहेरी सगळे ठीक असतील. बांधावरची तूर काढली. लाखोरीचे पीकही चांगले आहे. आईचा गुडघा दुखतो, तरी तुम्ही लावलेल्या कढीपत्त्याला ती रोज पाणी घालते.

दिवाळीत तुमच्या बाबांनी तुमच्यासाठी आलेल्या ईश्वरदासजींच्या स्थळाविषयी आमचे मत विचारले होते. त्याचे उत्तर शेवटी लिहितो. आधी दुसरे सांगतो, म्हणजे अक्षर बिघडणार नाही.

मी गोंदियाला एका समुपदेशक बाईंकडे जातो. (समुपदेशक हा शब्द तपासून लिहिला आहे.) छाती धडधडायची. डॉक्टर म्हणाले, हृदय ठीक आहे, मनाचे बघा. आधी एका साहेबांकडे गेलो. "अरे, घूमो-फिरो, शादी कर लो," म्हणाले. मी जाणेच बंद केले. तेव्हा आई म्हणाली, "एक चप्पल चावली त का अनवाणी फिरशील? दुसरी घे."

दुसऱ्या म्हणजे अंजू मॅडम, साताऱ्याकडच्या. त्यांनी डोळे मिटून श्वासाकडे लक्ष द्यायला सांगितले. डोळे मिटले की मला हायवे दिसायचा. वाटले, सांगितले तर रागावतील. पण त्या म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंत. डोळे उघडे ठेवूनच बोलू." तेव्हापासून जे जमत नाही तेही सांगतो.

मग टिकेशभाऊचा तो फोन सांगितला. सडक अर्जुनीच्या ढाब्यावर ट्रक थांबवून केलेला. "येऊन राहिलो, भात टाक." एवढे सांगून मी थांबलो. पुढचे, अपघाताचे, तोंडातून निघेना.

मॅडमनी विचारले, "म्हणजे ते आले आणि राहिले? आता तुमच्याकडेच असतात का?"

वहिनी, मी हसलो. भाऊ असता तर म्हणाला असता, "अबे, शुद्धलेखनाचा दारोगा मॅडमले मराठी शिकवून राहिला!" मी त्यांना समजावले, आमच्याकडे 'येऊन राहिलो' म्हणजे 'येत आहे'. माणूस अजून वाटेवर आहे.

बोलता बोलता माझे मलाच ऐकू आले. मग खूप रडलो.

म्हणूनच आईला मी दाराची कडी लावू देत नव्हतो. म्हणूनच तुमच्या बाबांना "पाहू" म्हणत होतो. तुम्ही दुसऱ्या घरी गेलात तर भाऊ आल्यावर त्याला काय सांगू, असे वाटायचे. आपणच त्याला अग्नी दिला, तरी वाटायचे.

काल आईजवळ बसून हे सगळे बोललो. ती म्हणाली, "मले मालूम आहे, बाबू. तुह्यासाठीच दार उघडं ठेवून राहिली."

आता उत्तर. आमच्या होकारासाठी तुम्ही थांबायला नको होते. थांबलात, ही तुमची माया. आई आणि मी, दोघेही हो म्हणतो. लग्नाची साडी आई स्वतः निवडणार आहे.

टिकेशभाऊ आला नाही. तो येणार नाही.

ही दोन वाक्ये पुन्हा वाचून पाहिली. चूक नाही.

आजपासून कडी मी लावीन. तुम्ही कधीही या, बाहेरून आवाज द्या, मी काढीन.

त्या घरी गेल्यावरही तुमचा दीरच,
तिलक