नववी सुई

मंगळवार, ४ मार्च
सकाळचे साडेदहा, तुझ्याच खोलीतून

प्रिय नकटीस,

काडीचा सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र पोचलं. उत्तराला एकोणतीस वर्षं उशीर झाला, पण त्यात माझा दोष थोडाच आहे, कारण मी ते तासाभरापूर्वी वाचलं. ते पोस्टाने आलं नाही. तुझ्या उजव्या हाताखाली होतं, तिथून मी हळूच सरकवून घेतलं. तुझा हात हलला नाही. तुझ्या पेनाच्या टोकाला शाईचा थेंब लोंबतोय, तोसुद्धा पडला नाही.

माझं म्हणशील तर वयाच्या मानाने बरं चाललंय. गुडघे कुरकुरतात, डोळ्यांवर जाड चष्मा आलाय, जिभेची धार मात्र तशीच आहे. तुझी खुशाली विचारत नाही. तू माझ्यासमोर तीन हातांवर बसली आहेस आणि गालावर एक सुरकुती नाही. लहानपणी मी तुझ्याहून चार महिन्यांनी मोठी म्हणून किती मिरवायचे, आठवतं? आता मी एकोणसत्तरची आणि तू अजून चाळीसचीच. मिरवायची सगळी हौस फिटली.

तू उठशील तेव्हा गांगरशील, म्हणून आधी कामाचं सांगते. तुझी डुलकी लागलेली नाही. तुझ्या ठकीच्या सोळाव्या वाढदिवशी दुपारी तिच्या बोटात सुई गेली, ती झोपली, आणि तिच्याबरोबर सगळं घर झोपलं. तू, भाऊजी, स्वयंपाकीण, मांजर, सगळेच. दाईने ठकीच्या जन्मानंतर सांगितलं होतं, अगदी तसंच. सुई कुठून आली ते मग सांगते.

त्याच संध्याकाळी तुमच्या घराभोवती एक काटेरी वेल उगवली आणि दुसऱ्या सकाळी घराच्या भिंती दिसेनाशा झाल्या. आम्ही सगळी गल्ली रस्त्यावर उभी होतो. पाववाल्याने तर हातातली टोपली खाली ठेवून डोक्यावरची टोपी काढली. तो पाववाला आता नाही, त्याची थोरली दुकान चालवते आणि बापापेक्षा चांगलं चालवते. चांभाराच्या जागी चष्म्याचं दुकान आलं, त्याचं पहिलं गिऱ्हाईक मीच. माझं रफूचं दुकान आहे तिथेच आहे.

त्या वेलीने मला खूप काम दिलं. हसू नकोस. आत झोपलेल्या सुंदर मुलीची गोष्ट गावोगाव गेली आणि दर वर्षी कुणीतरी तालेवार तरुण कुऱ्हाड नाहीतर तलवार घेऊन नशीब काढायला यायचा. एक फांदी तोडली की तिथे दोन फुटायच्या. संध्याकाळी तो तरुण कोट हातात घेऊन, मान खाली घालून माझ्या दुकानात हजर. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात. तुझ्या लग्नाला एकही आलं नाही, सगळी लेकीच्या वाट्याला शिल्लक राहिली होती.

ते कोट रफू करता करता माझ्या एक गोष्ट लक्षात आली. रफू करणारीला फाटलेलं वाचता यावं लागतं. कापड कुठल्या बाजूने ओढलं गेलं, धागा आधी कुठे तुटला, हे कळल्याशिवाय पहिला टाका घालता येत नाही. ते सगळे कोट एकाच तऱ्हेने फाटलेले होते. जो रेटून आत घुसला, त्यालाच वेलीने धरलं होतं. मग एक दिवस मी कुऱ्हाड न घेता गेले आणि एक फांदी दोन बोटांनी उचलली, विणीतला धागा उचलतो तशी. एक वर, एक खाली, एक वर, एक खाली. तीन फांद्या बाजूला झाल्या. मी त्या सुतळीने बांधल्या आणि घरी आले. हाताला ओरखडा नव्हता. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही, इतकी मी चकित झाले होते.

त्यानंतर रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी दोन तास मी हेच केलं. आठ वर्षं लागली.

आता आजचं सांगते. मी दार लोटलं आणि उंबऱ्यातच थांबले. श्वास घ्यायचीसुद्धा भीती वाटत होती. भाऊजी एका पायात बूट घालून, दुसरा हातात धरून भिंतीला टेकून झोपलेत. चुलीवर दूध काठापर्यंत आलंय आणि उतू जायचं तेवढं राहिलंय. खिडकीतून ऊन आत येतंय आणि त्या उन्हात धुळीचे कण जागच्या जागी उभे आहेत. मी त्यांच्यात हात घातला, तर बोटांभोवती तेवढे हलले आणि पुन्हा थांबले. तुझ्या साबणाचा वास येत होता. तो साबण बाजारातून जाऊन वीस वर्षं झाली, नकटे. मी तिथेच खाली बसले आणि पोटभर रडले.

आणि मग तुझं पत्र दिसलं. तू झोपेत आहेस, म्हणून तुझंच तुला वाचून दाखवते:

"काडे, आज ठकीला सोळा पूर्ण झाली. आता भीती नाही. संध्याकाळी ये. समोरच्या दाराने ये. सोळा वर्षं मी तुला दाराबाहेर ठेवलं, त्याबद्दल"

बस, एवढंच. पुढे तो थेंब.

दुपारचे बारा

मध्ये उठून ठकीला बघून आले. तुझ्यासारखंच नाक आहे, बिचारीचं. ती पलंगावर आहे, मांडीवर तिची तान्हेपणची दुलई. तीच, पिवळी. मी शिवलेली.

आता सुईचं सांगायलाच हवं. सकाळपासून पानंच्या पानं भरतेय आणि त्याला वळसे घालतेय, हे तू माझ्या जागी असतीस तर तुला केव्हाच कळलं असतं.

ठकी बारा दिवसांची होती तेव्हा तू मैत्रिणींना बोलावलं होतंस. मी आदल्या रात्री जागून दुलई पुरी केली आणि तशीच घाईने घेऊन आले. दुपारी दाईने पोरीला मांडीवर घेतलं, तिचा तळहात उघडून पाहिला आणि म्हणाली की सोळाव्या वर्षी हिला सुई टोचेल आणि ही शंभर वर्षं झोपेल, हिच्याबरोबर सगळं घर झोपेल. तू पांढरीफटक पडलीस. भाऊजींनी त्याच तासाला घरातल्या सगळ्या सुया गोळा करून लोहाराच्या भट्टीत पाठवल्या.

मी घरी गेले. तुला माझी सवय माहीत आहे, माझ्या आईपासूनची. संध्याकाळी सुया मोजल्याशिवाय डबी बंद करायची नाही. नऊ काढल्या, नऊ ठेवल्या. त्या संध्याकाळी आठ भरल्या. मी घर झाडलं, दिव्याखाली फरशी चाचपली, पुन्हा मोजल्या. आठच. आणि मला नीट आठवलं की दुलईचा शेवटचा कोपरा शिवताना मी सुई कापसात खोचली होती.

मी धावत आले. दारावर माणूस बसवला होता. तू वरच्या खिडकीतून म्हणालीस, "काडे, तू आता येऊ नकोस. तुझ्या अंगावर नेहमी सुई असते." तू रडत होतीस. मला रस्त्यावरून एवढंच ओरडायचं होतं की दुलई उसवा. तीन अक्षरं आणि तीन अक्षरं. ओरडले नाही. मला तुझा राग आला होता, हे एक. आणि भीती वाटली, हे खरं. सगळे म्हणतील, हिनेच घातली. उद्या सांगू म्हटलं. उद्या म्हटलं, सुई वाटेत पडली असेल. मग ते मी सोळा वर्षं म्हणत राहिले. एकदा चिठ्ठी लिहिली आणि चुलीत घातली. तुम्ही घरातली सुई अन् सुई जाळलीत, आणि तुझी लेक रोज माझी सुई पांघरून झोपत होती.

सुई ठकीने कधी पाहिलीच नव्हती. दुलईतून काहीतरी चकाकताना दिसलं असेल, तिने बोट लावलं असेल. तिला भ्यायला कुणी शिकवलंच नाही. आत्ताही सुईचं टोक तिच्या बोटात आहे, रक्ताचा एक ठिपका ओला आहे.

मी केलं ते असं आहे. माझ्या हातून लिहून झालं, आता तू वाच.

अकरा वर्षांपूर्वी दाईने मला शाल रफू करायला म्हणून बोलावलं. ती अंथरुणाला खिळली होती. शालीला भोकच नव्हतं. मी म्हटलं, यात करायचं काय? तिने माझ्याकडे बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "किती सुया असतात गं तुझ्या डबीत?"

मी म्हटलं, "आठ."

"नववी काढलीस की सगळे उठतील," ती म्हणाली. "जी विसरली, तिलाच ती निघेल. दुसऱ्या कुणाला नाही. पण झोप शंभर वर्षांची आहे, ती अर्धी टाकता येत नाही. उरलेली काढणारीला झोपावी लागेल."

मी विचारलं, तुला माहीत होतं तर तेव्हाच का नाही सांगितलंस? ती म्हणाली की तिला सुई दिसली होती, ती विसरणारा हात दिसला नव्हता. हात तिला माझ्या तोंडावर दिसला, सोळा वर्षं, दर वेळी तुमच्या घराचं नाव निघालं की. महिन्याभराने ती गेली.

तिने सांगितलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी वेलीला हात लावला. वर आठ वर्षं लागली म्हणाले, ती खरी. पण आठ आणि तीन अकरा होतात, आणि तू हिशेबात नेहमीच माझ्यापेक्षा पक्की. वाट तीन वर्षांपूर्वीच झाली होती. तीन वर्षं मी रोज तुमच्या दारापर्यंत यायचे, कडीला हात लावायचे आणि परत जायचे. कधी कुणाचा कोट अर्धा राहिला असायचा, कधी सर्दी. एकाहत्तर वर्षं झोपायचं म्हणजे काय, हे डोक्यात मावत नव्हतं. उठेन तेव्हा मला ओळखणारं कुणी असेल का, हाच घोर. काल सुई ओवायला मला तेरा वेळा प्रयत्न करावा लागला. तेव्हा कळलं की आणखी वर्षभर थांबले तर ठकीच्या बोटातली सुई धरायला हातच उरणार नाही. म्हणून आज कडी काढली.

खरं सांगते, आत येऊनही मी परत फिरले असते. पाय दाराकडे वळले होते. मग तुझं पत्र वाचलं. समोरच्या दाराने ये, असं तू लिहिलंयस. तू वाट बघत होतीस आणि मी काट्यांच्या पलीकडे मरत होते, दोघी एकाच गल्लीत. आता मला भीती वाटत नाही. काय वाटतं ते नीट सांगता येत नाही. या खोलीत धूळसुद्धा माझ्यासाठी थांबली आहे, असं वाटतं.

थोडंच राहिलं. दूध आधी उतरव, नाहीतर उठल्या उठल्या ते उतू जाईल आणि स्वयंपाकीण माझ्या नावाने बोटं मोडेल. भाऊजींना सांग, बूट घालून बाहेर जाण्याआधी जरा बसा, जग बदललंय. दुकानाची किल्ली पाववाल्याच्या थोरलीकडे आहे. गल्लीतल्या तिघांचे कोट तयार आहेत, चिठ्ठ्या लावल्या आहेत.

माझी डबी ठकीच्या पलंगाशी ठेवली आहे. आठ सुया आहेत, नववी तू ठेव. डबी ठकीला दे. तिला सुई धरायला शिकव आणि संध्याकाळी मोजायला शिकव. एखाद्या संध्याकाळी कमी भरली, तर त्याच पावली जाऊन सांगायचं, समोर कुणी कितीही रागावलेलं असो. एवढं तिला माझं म्हणून सांग.

मी ठकीच्या पलंगाशेजारच्या बाकावर निजते. आयुष्यभर झोप पुरली नाही, आता पुरेल. मला दुसरीकडे हलवलंत तरी चालेल, फक्त खिडकी असू दे. रागावायचं असेल तर माझ्याजवळ बसून रागव, मी उलट बोलणार नाही, अशी संधी तुला पुन्हा मिळायची नाही.

आणि नकटे, तुझं ते वाक्य "त्याबद्दल" पाशी राहिलंय. तुझा कागद मी पुन्हा तुझ्या हाताखाली सरकवून ठेवलाय. थेंब पडायच्या आत ते पुरं कर. हे सगळं वाचूनही तुला तेच लिहावंसं वाटलं, तर तसंच लिही. नाही वाटलं तर जे वाटेल ते लिही. कागद घडी करून माझ्या उशाखाली ठेव आणि ठकीला सांगून ठेव, ठकीच्या मुलांना सांगून ठेव, की तो कुणी काढायचा नाही. एकाहत्तर वर्षांनी उठले की चष्मा लावून मी आधी तोच वाचणार आहे.

समोरच्या दाराने आलेली,
तुझी काडी