डावखुऱ्या वीरांचे ठसे

मी वेंडेल ग्राइफ, राहणार आउग्सबुर्ग, धंद्याने केसाळ कातड्यांचे अंगरखे शिवणारा आणि रविवारी तलवारबाजीचा उस्ताद. छातीतला कफ काही केल्या हटत नाही, पण बुद्धी शाबूत आहे. म्हणून कोणाच्याही दडपणाखाली न येता, राजीखुशीने, माझ्यामागची व्यवस्था लेखनिकाकडून लिहवून घेतो, ती अशी:

कलम १. राहतं घर, दुकान व त्यातली सगळी कातडी माझी एकुलती एक मुलगी आफ्रा हिला. जावई बार्थेल याला माझा कोल्ह्याच्या कातड्याचा अंगरखा. गेले कित्येक हिवाळे त्याचा त्यावर डोळा आहे. घे बाबा, ऊब घे.

कलम २. सरावाच्या बोथट तलवारी तालमीला. ज्याला घाम गाळायचा नाही, त्याच्या हाती एकही देऊ नये.

कलम ३. तलवारबाजीवरच्या माझ्या पुस्तकातल्या चित्रांचे लाकडी ठसे. इथे जरा लांबण लागेल. लेखनिकबुवा, हात आखडू नका.

हे ठसे माझा मित्र क्विरिन लाउबर याने कोरले. एरवी तो आधी कागदावर चित्र काढायचा आणि कागद लाकडावर पालथा डकवून कोरायचा, कारण छापताना उजव्याचं डावं होतं. पण कागदावर मी मेल्यासारखा दिसतो म्हणाला, आणि मला समोर उभं करून थेट लाकडावरच काढत सुटला. वर मलाच दम, "हलू नकोस रे, खांदा छान आलाय." त्या नादात उलटं काढायचं साफ विसरला. पुस्तक छापून आलं, तर सगळे वीर डावखुरे. तालमीत हशा पिकला. "उस्ताद, उजवे हात कुठे गहाण टाकलेत?" आणि क्विरिन म्हणतो, "लोकांनी आरशात बघून शिकावं की." चोराच्या उलट्या बोंबा. मी त्याला चारचौघांत नाही नाही ते बोललो. तो निघून गेला, तो गेलाच. राहतो दोन गल्ल्या पलीकडे.

बार्थेलच्या मते हे ठसे शेगडीत छान जळतील. ते जाळू नयेत. ते आफ्राला. ती डावखुरी; लहानपणी माळ्यावर बसून तीच चित्रं बघून शिकली, तिला त्यांत चूक कधी दिसलीच नाही. तिच्या हातचा एक फटका मी बरगडीत खाल्ला आहे, आणि तेव्हा मला फार आनंद झाला होता.

कलम ४. क्विरिनला मी काहीही देत नाही, एक खिळासुद्धा नाही. हे रागाने नव्हे. ज्याला काही मिळतं त्याला साक्ष घालता येत नाही, असं लेखनिक सांगतात. आणि साक्षीदारांनी खाटेपाशी हजर राहून सही करावी लागते. त्यांतला एक मला क्विरिन हवा. जाण्याआधी त्याला एकदा बघायचंय, आणि दुसरी युक्ती सुचली नाही. चूक त्याचीच होती, पण माझा जीव त्याच्यात अडकलाय. आफ्रा बोलवायला गेली आहे. तो येईपर्यंत मी सही करणार नाही.

स्थळ आउग्सबुर्ग. संत मार्टिनच्या सणाचा दुसरा दिवस, सन १५७१.

सही: वेंडेल ग्राइफ

साक्षीदार:

१. उलरिख मेर्त्स, शेजारचा पाववाला.

२. क्विरिन लाउबर, ठसे कोरणारा. या पत्रात मला काही नाही, हे वाचून खात्री केली. वेंडेलच्या खाटेवर बसून सही करतो. आज घरी जात नाही.