भिंतीपलीकडची विहीर

३ फेब्रु., सोम.
राजाजीनगरचा बंद पडलेला पेट्रोल पंप. जमिनीखालची जुनी टाकी गेल्या आठवड्यात उखडून काढली, उरलाय खड्डा. पेट्रोल मातीत कुठवर झिरपलंय ते आम्ही शोधायचं. शहराच्या दुसऱ्या टोकाच्या एचएसआरहून पोचण्यातच अर्धी सकाळ गेली. टाकी बाजूला पडलेली, बुडाची गंजून चाळण झालेली. हे काही कालपरवाचं नव्हे. साहेबांचा फोन : "कंपाउंडच्या आतलंच बघायचं हं." बरं.

४ फेब्रु.
भिंतीपलीकडच्या घरात एक म्हातारे गृहस्थ, सगळे अण्णा म्हणतात. मराठी! पण पिढ्यान्‌पिढ्या इथलेच, बोलण्यात निम्मं कन्नड. मी पुण्याची कळल्यावर भिंतीवरूनच कॉफी दिली. बायको, सरसूबाई, दिवाळीत गेल्या. रक्तात काहीतरी बिघडलं होतं म्हणे. मग हळूच म्हणाले, "आमच्या बावीत वासना हाय बाई. सरसू सांगत होती." बावी म्हणजे विहीर, एवढं मला येतं. स्वप्नात येत असणार त्या. मी समजुतीनं म्हटलं, "अण्णा, त्यांचं काय राहून गेलं असेल ते करा, म्हणजे त्या सुटतील." ते माझ्याकडे बघतच राहिले. रात्री आईला फोनवर सांगितलं, तीही हळहळली.

६ फेब्रु.
जमिनीचा उतार अण्णांच्या घराकडे. भिंतीलगत बोअर घेतलं. वर आलेली माती काळपट. आमच्या मशीनवाल्या मंजुनाथनं नाक दाबलं, "मेडम, तुंबा वासने!" तुंबा म्हणजे खूप, एवढं येतं मला. मी हसले. मातीला कसली वासना? त्यानं नाकावर बोट ठेवून दाखवलं.
वासने. वास. साधा वास!
इतकी वर्षं या गावात राहून हे ठाऊक नसावं. भिंतीवरून हाक मारली, "अण्णा, विहिरीच्या पाण्याला वास येतो?" "मग काय सांगितलो मी?" म्हणाले. पिता का ते पाणी? कावेरीचं नळाला एक दिवसाआड येतं, मधल्या दिवशी हेच. कॉफीलासुद्धा. मी अक्कल शिकवून आले आणि हा माणूस तेच पीत बसला. स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

७ फेब्रु.
विहिरीच्या पाण्याचा नमुना घेतला. साहेब भडकले, "विहीर तुला कुणी सांगितली होती?" म्हटलं, भिंत आपल्याला दिसते, पेट्रोलला नाही. फोन आपटला.
अण्णांना पाण्याचे जार नेऊन दिले. त्यांनी एक उघडला, बराच वेळ नाक लावून उभे राहिले. "ह्याला कायच नाही," म्हणाले, आणि रडायला लागले. मी बाकीचे जार आत नेऊन ठेवले.

१७ फेब्रु.
लॅबचा रिपोर्ट. पाण्यात बेंझिन, पेट्रोलमधलंच, मर्यादेच्या कितीतरी वर. वर्षानुवर्षं पोटात गेलेलं बेंझिन रक्ताचं काय करतं, पार कॅन्सरपर्यंत, ते कॉलेजात पाठ केलं होतं, मार्कही चांगले पडले होते. पण सरसूबाईंच्या बाबतीत तेच झालं, असं कोण छातीठोक सांगणार. साहेब नरमलेत. वर कळवतो म्हणाले, विहीर बंद करायची. शिवाय सल्ला : "त्या म्हाताऱ्याशी जास्त बोलू नकोस." या वेळी भांडले नाही.

१८ फेब्रु.
अण्णांना सांगायला गेले. पाणी वाईट आहे, विहिरीवर झाकण बसेल. "सरी," म्हणाले, म्हणजे ठीक. मग, "कधीपासून वाईट?" मी म्हटलं, बरीच वर्षं असावीत.
ते पायरीवर बसले. "सरसू सारखी म्हणायची, वासने येते. मला नाक कमी बाई, सर्दीचं नाक, आता उग्र झाली तवा कळाली. ती पाणी ओतून टाकायची. मी ओरडायचो, एवढा शेंदलेला घडा ओततीस, स्वल्प तरी अक्कल? मग गप पिऊ लागली." मान वर करून, "त्यानंच गेली काय ती?"
"तसं नक्की सांगता येत नाही, अण्णा."
हे खरंच आहे. कुठल्याही डॉक्टरला विचारलं तरी हेच म्हणेल. तरी खोटं बोलतेय असंच वाटलं.
"सांगता येत नाही, की सांगायचं नाही?"
मी चप्पल घालून निघाले.

२० फेब्रु.
उद्या झाकण बसणार. मंजुनाथला म्हटलं, तू एकटाच जा, माझं तिथे काय काम. तो म्हणाला, अण्णा आजही भिंतीपाशी येऊन विचारत होते, मेडम येणार ना.
जायला हवं. जाईन. पण त्यांनी परत तेच विचारलं, सांगता येत नाही की सांगायचं नाही, तर...