मॅन ओव्हरबोर्ड, मुक्काम जळकोट

३ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी
आजपासून रोजनिशी. जहाजावर लॉगबुक लिहितात, असं धाराशिवच्या जहाजभरती क्लासचे रेवणसिद्ध सर म्हणाले. मी अजून जहाज पाहिलेलं नाही, पण सवय आधी लागलेली बरी.
२१ तारखेला तोंडी परीक्षा. विषय: लाइफबोट आणि समुद्रावरची सुटका, सगळे शब्द इंग्रजीत. पास झालो की मुंबईला इंटरव्ह्यू, मग थेट समुद्र. निर्धार: रोज क्लासच्या पुस्तिकेचं एक पान पाठ. उद्यापासून आपल्याच शेततळ्यात पोहायला शिकणे. चहा बंद.
पोलीस भरतीच्या यादीत तिसऱ्यांदा नाव आलं नाही, तेव्हापासून मला कशाचंच फारसं काही वाटत नाही. घरच्यांना याची काळजी. सर मात्र म्हणतात, समुद्रावर थंड डोक्याचाच माणूस टिकतो. म्हणजे निम्मी तयारी झालेलीच आहे.
बायको, निकिता, सातच्या एसटीनं उमरग्याला दवाखान्यात कामाला गेली. जाताना म्हणाली, डॉक्टर इचारायलेत, मेडिकलच्या काउंटरवर माणूस पाहिजे, तुमचं काय सांगू? मी म्हणालो, स्टँड बाय. जहाजाच्या भाषेत, तयारीत थांबा. ती पर्स उचलून निघाली. तिला पटलेलं दिसतंय.

४ नोव्हेंबर
पोहणं झालं नाही. पाठीला बांधायला तेलाचा रिकामा डबा लागतो. आईनं त्यात शेंगदाणे भरून ठेवलेत. रिकामा कधी होणार विचारलं, तर म्हणाली, खाल्ल्यावर.
चहा घेतला. थंडी होती.

६ नोव्हेंबर
आज मस्टर स्टेशन. म्हणजे संकटाची शिट्टी झाली की सगळ्यांनी जमायची जागा. आमच्या वस्तीचं मस्टर स्टेशन मी चिंचेखाली ठरवलं. तिथंच फांदीला ट्रॅक्टरच्या चाकाची जुनी ट्यूब फुगवून टांगली. ही आपली लाइफबॉय, बुडणाऱ्याकडे फेकायची. दोरीला गाठ इतकी पक्की मारली की मलाही सुटेना.
संध्याकाळी ड्रिल घेतली. सात लहान, एक लांब शिट्टी. शेळी आली. वडील, म्हणजे आण्णा, ओट्यावरूनच म्हणाले, मस्टर कोण लिवायलंय आन् हजेरी कवा मिळणार? त्यांना रोजगार हमीचं मस्टर वाटलं. मी त्यांना पुस्तिका दाखवली. ते चष्मा नाही म्हणाले. चष्मा नाकावरच होता.
निकिता उशिरा आली आणि आल्या आल्या भाकरी थापायला बसली. मी तिला सांगितलं की ड्रिलला गैरहजर राहणं हा गुन्हा आहे. तिनं मान हलवली. शिस्त हळूहळू रुजतेय.

९ नोव्हेंबर, रविवार
क्लासहून आलो. आजचं पान सगळ्यांत महत्त्वाचं: मॅन ओव्हरबोर्ड. माणूस पाण्यात पडला तर काय करायचं. पहिली पायरी, ज्यानं पाहिलं त्यानं मोठ्यानं ओरडायचं आणि बाजू सांगायची, पोर्ट की स्टारबोर्ड, म्हणजे डावी की उजवी. दुसरी, लाइफबॉय फेकायची. तिसरी, पडलेल्या माणसाकडे हात लांब करून बोट दाखवत राहायचं. नजर हलवायची नाही, हात खाली घ्यायचा नाही. लाटांत एकदा नजर सुटली की माणूस परत दिसत नाही. हे वाचून अंगावर काटा यायला हवा होता. आला नाही. चांगलं लक्षण.
चौथी पायरी पुढच्या पानावर आहे. उद्या बघू.
घरी निकिता लोखंडी पेटी पुसून उन्हात ठेवत होती. नीटनेटकं सामान ही जहाजावरची पहिली शिस्त. तिला तसं बोलूनही दाखवलं.

१२ नोव्हेंबर
निकितानं उमरग्यात खोली बघितली. एक खोली, स्वयंपाकघर, नळ दारात. म्हणाली, रोज येणं जाणं हुईना, मी चाललेय, तुमी येताव का? मी तिला समजावून सांगितलं की जहाजावर नऊ महिने जायचं आणि मग तीन महिने सलग घरी, इतका सलग सहवास कुणाच्या नवऱ्याकडून मिळतो? ती म्हणाली, मी त्ये न्हाय इचारलं. येताव का?
मी म्हणालो, तोंडी परीक्षा होऊ दे.
ती म्हणाली, डॉक्टर चोवीस तारखेपस्तोर थांबतेत. म्या बी तवरच.
चोवीसपर्यंत म्हणजे भरपूर वेळ आहे.

१३ नोव्हेंबर
चौथी पायरी वाचायची राहिली. तिसरीचा सराव जास्त गरजेचा. रस्त्यावरून जाणाऱ्या ट्रककडे बोट दाखवत उभा राहिलो. दोन ट्रक थांबले.

१५ नोव्हेंबर
लाइफजॅकेट नाही म्हणून फवारणीचा पंप पाठीवर घेऊन ओट्यावरून उड्या मारल्या. पंपात औषध शिल्लक होतं. शर्ट गेला. आईनं बघितलं आणि आत जाऊन बसली. पोहणं सोमवारपासून नक्की.

१७ नोव्हेंबर, सोमवार. संध्याकाळी
घडलं ते घडलं तसं लिहितो. लॉगबुकात भावना नसतात.
आण्णा शेततळ्यात पडले. मोटारीच्या पाइपाच्या तोंडाशी अडकलेलं शेवाळ काढायला वाकले होते, तळ्यात अंथरलेल्या प्लास्टिकच्या कागदावरून घसरले. तो कागद ओला झाला की साबणासारखा. आतून माणसाला चढताच येत नाही, हात टेकला की परत खाली. आण्णांना पोहता येतं, पण अंगात स्वेटर, धोतर पायात गुंतलेलं.
सगळ्यांत आधी मी पाहिलं. पहिली पायरी अचूक पार पाडली: मॅन ओव्हरबोर्ड, स्टारबोर्ड साइड. आवाज खणखणीत होता. दुसरी पायरी, लाइफबॉय. ती चिंचेवर, आणि गाठ सुटत नाही हे मला माहीत होतं. म्हणून वेळ न घालवता तिसऱ्या पायरीवर गेलो. काठावर उभा राहून हात लांब केला आणि आण्णांकडे बोट दाखवत राहिलो. नजर एकदाही हलली नाही.
आई धावत आली आणि मला विचारू लागली, आरं काय बघायलास? मी नजर न हलवता म्हणालो, पोझिशन देतोय.
त्याच वेळी निकिता एसटीतून उतरून बांधावरून येत होती. तिनं पर्स टाकली. ठिबकच्या नळीचं वेटोळं पडलेलं होतं, त्याचं टोक आण्णांकडे भिरकावलं. मामा, मनगटाला गुंडाळा, म्हणाली. मग ती आणि आई काठावर आडव्या झाल्या आणि ओढत राहिल्या. आण्णा वर आले तेव्हा निकिताची कोपरं सोललेली होती. मला ते स्पष्ट दिसत होतं, कारण माझी नजर तिथंच होती.
हात खाली घेतला तेव्हा खांदा भरून आला होता.

१८ नोव्हेंबर
आण्णांना सर्दी, उजवा हात गळ्यात. बघायला आलेल्यांना सांगतात, पोरगं नुस्तं बोट दाखवत व्हतं. आई म्हणाली, तुला भ्या वाटलं न्हाय का रे? मी म्हणालो, न्हाय. ती म्हणाली, वाटाया पायजे व्हतं.
निकिताला मी शांतपणे पुस्तिका दाखवली. सगळं नियमाप्रमाणं झालं, हे तिनं स्वतः वाचावं असं मला वाटत होतं. तिनं वाचलं. ते पान पूर्ण वाचलं. मग म्हणाली, बोट दाखवल्यावर फुडं काय असतंय? मी म्हणालो, ते पुढच्या पानावर आहे, अजून झालं नाही. तिनं पुस्तिका मिटून माझ्या हातात दिली. कोपरांना तिनं स्वतःच पट्टी केली.

१९ नोव्हेंबर
विचार केला. परवा जे झालं, त्यात माझं काही चुकलं असेल तर ते एवढंच की तळ्याला पोर्ट आणि स्टारबोर्ड नसतं.

२१ नोव्हेंबर. धाराशिव, एसटी स्टँड
पास. सरांनी विचारलं, माणूस पडताना दिसला तर तुझं काम काय? मी तिन्ही पायऱ्या इंग्रजीत सांगितल्या. उभं राहून बोट दाखवूनही दाखवलं. सर म्हणाले, व्हेरी गुड, असं कुणीच दाखवत नाही. चौथी विचारलीच नाही. वाचली नाही ते बरं झालं.
मग म्हणाले, पोहण्याचं सर्टिफिकेट जोड. मी म्हणालो, प्रोसेसमध्ये आहे. ते म्हणाले, मग ही बॅच जाऊ दे, पुढच्या वर्षी बघू. म्हणजे तयारीला वर्षभर वेळ मिळाला.
चहा घेतला. दोन घेतले.

२३ नोव्हेंबर, रविवार
निकितानं काही विचारलं नाही. पेटीत कपडे भरले. तिचे. एक कप्पा रिकामा ठेवलाय. कशासाठी ते कळलं नाही. विचारायला हवं होतं का?
संध्याकाळी पेटी बंद केली तेव्हा तो कप्पा भरलेला होता. तिनं त्यात गोधडी घातली होती.

२४ नोव्हेंबर, सोमवार. दुपारी
पेटी मीच फाट्यापर्यंत नेली. आईनं पदरानं डोळे पुसले. निकिता आण्णांच्या पाया पडली. आण्णा डाव्या हातानं तिच्या डोक्यावर थापटत राहिले आणि माझ्याकडे बघितलंच नाही.
फाट्यावर आम्ही दोघंच. ती म्हणाली, म्या लई वाट बघितली. मी म्हणालो, हो. ती म्हणाली, तुमी त्या दिवशी आण्णांकडं जसं बघत व्हता ना, माज्याकडं बी तसंच बघताव. दोन वरीस झाले. मला थांब म्हणायचं होतं. तोंडात स्टँड बाय आलं. तेही बोललो नाही.
एसटी आली. कंडक्टरनं पेटी वर घेतली. निकिता पलीकडच्या खिडकीशी बसली, रस्त्याकडे तोंड करून. गाडी सुटली.
आणि मग, इतक्या महिन्यांत पहिल्यांदा, मला काहीतरी वाटलं. छातीत. फार वाटलं. भीती वाटली. गाडी लहान होत चालली होती, आणि नजर सुटली तर ती परत दिसणार नाही, एवढंच कळत होतं. माझा हात आपोआप वर गेला. पुलापाशी गाडी वळली, दिसेनाशी झाली. हात तसाच.
किती वेळ गेला माहीत नाही. एक काळी-पिवळी जीप माझ्यापुढं येऊन थांबली. ड्रायव्हरनं मान बाहेर काढली. म्हणाला, उमरगा का? बसा बसा, एक सीट हाय.
मी म्हणालो, न्हाय. मी फक्त दाखवायलोय.
त्यानं मोकळ्या रस्त्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मग हात खाली घ्या की राव, म्हणाला, आणि गेला.
घेतला.