कोपऱ्यातला अर्धा गुण

गोडादरा, सुरत
१७ ऑक्टोबर १९९६

प्रिय नाना,

तुझं पत्र पोचलं. उत्तर देतेच, पण आधी तुझ्या भाचीचं ऐकून घे.

रविवारी हर्षदाचा जिल्हा स्पर्धेतला शेवटचा डाव होता. अहमदाबादला राज्याच्या स्पर्धेत जायला अर्धा गुण हवा होता, म्हणजे निदान बरोबरी. समोर कॉलेजातला मुलगा, दोन वर्षं पहिला येणारा. हिने मधली प्यादी सोडून बाजूचं, उंटापुढचं प्यादं आधी सरकवलं. शेजारच्या गुजराती बाई म्हणाल्या, आ छोकरी तो किनारे किनारे रमे छे. मी म्हटलं, खेळू द्या. चार तास कानबाईमातेचं नाव घेत बसले. घरून आणलेल्या दशम्या तशाच राहिल्या.

हळूहळू तिच्याकडे नुसता राजा उरला. त्या मुलाकडे राजा आणि एक प्यादं. त्याने तिला पार कोपऱ्यात दाबलं. शह नव्हता, पण हलायलाही घर नव्हतं. मी पिशवी आवरायला घेतली. आप्पांनी आपल्याला ओट्यावर शिकवलेल्या खेळात राजाला असं बिनशहाचं कोंडायची मुभाच नव्हती, वाट सोडावी लागे. मला वाटलं, इथे वाट सोडत नाहीत, म्हणजे हरली. तर पंच म्हणाले, शह नसताना राजा कोंडला तर बरोबरी. तो मुलगा डोकं धरून बसला. हर्षदा मला बाहेर म्हणाली, आई, मी मुद्दामच त्या कोपऱ्याकडे पळत होते.

तिला अर्धा गुण हवा असं मी मागे कळवलं, तर तू लिहितोस, अर्धा गुण म्हणजे अर्धी अक्कल, आणि सतरा वर्षांची पोर परक्या पोरांसमोर बसवतेस, लाज कशी वाटत नाही. नाही वाटत नाना. मी मॅट्रिक झाले, पुढे शिकायचं म्हणत होते, तेव्हा तू पाहुणे आणलेस आणि मी मुकाट्याने पोह्यांची ताटली घेऊन बाहेर आले. संसार चांगलाच झाला, तक्रार नाही. पण त्या दिवशी मला कोणी विचारलं नव्हतं.

एक तारखेला सुकलालभाऊंचे पाहुणे हर्षदाला बघायला येतात, असं तू परस्पर ठरवलंस. त्यांना आजच नाही म्हणून कळव. आलेच तर दाराला कुलूप दिसेल. मी तिच्यासोबत स्पर्धेला अहमदाबादला असेन. ह्यांनीही मिलमधून रजा घेतली आहे. रागावलास तरी भाऊबीजेला ओवाळायला मी येणारच.

तुझीच,
छाया