परब काकी डबा न घेता आली

आये,

तू गेल्यानंतरचा हा पहिला मसाल्याचा हंगाम. भर वैशाखात, दिवसाढवळ्या, कांडपाचं मशीन बंद करून मी पत्र लिहीत बसलेय. तू असतीस तर कपाळाला हात लावला असतास. "दारात गिऱ्हाईक उभं आणि ही बाय लिहीत बसली!" पण लिहिल्याशिवाय आज हात चालणार नाहीत गं. काल परब काकी आली होती. डबा न घेता.

आपल्या लालबागच्या दुकानात ती रिकाम्या हाताने कधी आलेली आठवते तुला? जुन्या साडीच्या फडक्यात बांधलेला ॲल्युमिनियमचा डबा, उन्हात कडक झालेल्या मिरच्यांची पिशवी, आणि वर "वैशू, आधी मशीन झाड" असा हुकूम. मग ती स्टुलावर बसायची ती मसाला हातात पडेपर्यंत. ज्याची मिरची त्याच्या डोळ्यांसमोर, हा तुझा कायदाच होता. एकीचं कांडून झालं की ब्रश घेऊन मशीनचा कानाकोपरा झाडायचीस आणि शेवटची चिमूटसुद्धा तिच्याच डब्यात. मी वैतागायचे. एवढ्याशा चिमटीने कोण श्रीमंत होणार, म्हणायचे.

अख्ख्या चाळीची प्रमाणं तुझ्या डोक्यात होती. कुणाकडे तिरफळ जास्त, कुणाकडे बडीशेप भाजून, कुणाला दगडफुलाचा वासही नको. एकदा दोन जावांपैकी धाकटीने तुला हळूच विचारलं होतं, थोरली काय घालते गं? तू म्हणालीस, "मिरची घालते." बिचारी कशी तोंड पाडून गेली होती!

आणि तुझ्या मुलीने काय केलं, ऐक.

मिरच्यांची देठं खुडणाऱ्या आपल्या बायकांना हंगाम सरला की काम नसतं, हे तुला डाचायचं. तू गेल्यावर मी ठरवलं, वर्षभर काम द्यायचं. जुन्या कापड गिरणीच्या जागेवरच्या टॉवरमधल्या मुली विचारतच होत्या, ताई, तयार मसाला द्या ना. दिवाळीपासून पाकिटं सुरू केली. रंग नाही, मीठ नाही, भेसळ नाही. वर छापलं, 'अस्सल घरचा मसाला'. हातोहात गेली गं! देठं खुडणारी शालन तर रडली. जन्मात पहिल्यांदा पावसाळ्यानंतर तिला काम मिळालं होतं.

पण घरचा म्हणजे कोणाच्या घरचा? आपल्या घरचा मला येतच नव्हता! तू तो हंगामाच्या अगदी शेवटी, सगळ्यांचं झालं की कांडायचीस, आणि मला चहा टाकायला घरी पिटाळायचीस. तू गेल्यावर मी तीनदा करून पाहिला. तिन्ही वेळा तुझ्या कालवणाची चव लागली नाही. मग इतकी वर्षं जो माझ्या डोळ्यांसमोर कांडला जायचा, तो परब काकीचा मसाला केला. तिच्या सासूचं प्रमाण, त्यातल्या त्या एका जिनसासकट. कोणता, ते इथेही लिहीत नाही. उशिरा का होईना, अक्कल आलीय.

खोटं कशाला बोलू, मनात पाल चुकचुकली होती. पण चांगल्या कामासाठी तर करतोय, असं म्हणून मी तिला गप्प केलं.

काकी परवा परळला भाच्याकडे जेवायला गेली होती. सुरमईचं कालवण होतं. पहिल्याच घासाला तिचा हात थांबला. भाचेसुनेला विचारलं, मसाला कुठला? तिने आपल्या दुकानाचं पाकीट दाखवलं.

काल दुकानात आली, स्टुलावर बसली नाही. उभ्यानेच म्हणाली, "काय गो, माझ्या सासूक पाकिटात भरलंस?"

मी शालनचं सांगितलं, बायकांच्या कामाचं सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. "काम चांगलाच केलंस. पण माका इचारूक व्हया होता. मी नाय म्हटलं असतंय?"

मग ती म्हणाली, "तुझ्या आवशीचा परमाण माका म्हायत आसा. हॉस्पिटलात सांगितल्यान. मी खंय इकलंय?"

आये! तू तिला सांगितलंस? मला नाही? त्या खाटेशी रात्रंदिवस मी बसले होते, आणि सांगितलंस काकीला? खरं सांगते, काल मला तुझा राग आला. इतका की तुझ्या फोटोकडेही पाहिलं नाही.

पायरी उतरताना काकी थांबली. म्हणाली, "माका म्हणालेली, पोरीन इचारल्यान तर सांग."

म्हणजे तू वाट बघत होतीस का गं? मी तुला मशीनच्या पट्ट्याचं विचारलं, मिरचीवाल्याचा नंबर विचारला, औषधांच्या वेळा विचारल्या. आपल्या घरचा मसाला कसा करतेस, हे एकदाही विचारलं नाही. ते विचारलं असतं तर तू जाणार आहेस हे कबूल केल्यासारखं झालं असतं. म्हणून तोंडच उघडलं नाही. हे तुला कळलं होतं का?

बरणीत तुझा मसाला दोन चमचे उरलाय. कालवणात घालत नाही. फार आठवण आली की झाकण उघडते आणि लगेच लावते, वास उडून जाईल म्हणून.

आज सकाळी पाकिटं बंद केली. शालन म्हणाली, "ताई, मग आमचं काय?" म्हटलं, हळद दळू, धणे-जिऱ्याची पूड करू, साधं तिखट करू. हळदीला कुणाची सासू नसते! ती हसली, पण काळजीतच होती. मीही आहे.

उरलेली सगळी पाकिटं फोडून मसाला डब्यात भरलाय. ज्याचा त्याच्या डब्यात, तुझाच कायदा. आत्ता तो घेऊन काकीकडे निघालेय. ती दार उघडेल की नाही, माहीत नाही.

तुला शब्द देते, आज तिला आपलं प्रमाण विचारणार नाही. कितीही जिभेवर आलं तरी नाही. ज्या दिवशी ती डबा घेऊन येईल, स्टुलावर बसेल आणि "आधी मशीन झाड" म्हणेल, त्या दिवशी मशीन झाडेन, तिचा मसाला तिच्या डोळ्यांसमोर कांडेन, शेवटची चिमूट तिच्या डब्यात टाकेन. आणि मग विचारेन, काकी, माझी आई मसाल्यात काय घालायची?

तुझी,
विचारायचं राहून गेलेली
वैशू