मॅडमचं पंधरावं पुस्तक

मॅडम, हे मराठीत लिहितेय, कारण इंग्रजीत लिहिलं तर तुम्ही वर बसूनसुद्धा पेन्सिल घेऊन चुका काढाल, आणि अकरा वर्षं तुमच्याकडे टायपिंग करताना खाल्लेली बोलणी मला जन्माला पुरलीत. कुवेतमधल्या आमच्या मंगफच्या घरात सध्या बांधाबांध चाललीय. ह्यांची नोकरी संपली, पुढच्या महिन्यात आम्ही कायमचे रत्नागिरीला चाललो. आज लेकीने कपाटावरून निळ्या चादरीचं गाठोडं खाली ओढलं, गाठ सोडली आणि म्हणाली, "आई, व्हॉट इज धिस? कीप ऑर थ्रो?" हात लावू नकोस त्याला, असं मी जरा जोरातच म्हटलं. बिचारी बघतच राहिली. तिला काय माहीत, आत तुमचं शेवटचं पुस्तक आहे आणि त्याच्यावर लंडनहून आलेलं पत्र.

मग कोण होत्या या बाई म्हणून तिने फोनवर शोधलं. चार ओळी सापडल्या. इंग्रज ऐतिहासिक कादंबरीकार, चौदा कादंबऱ्या, मृत्यू कुवेत. संपलं. शिंप्याची मुलगी होतात, पंधराव्या वर्षी शाळा सुटली, गावच्या लायब्ररीत पुस्तकं लावता लावता वाचनाची गोडी लागली, यातलं काही नाही. नवऱ्याच्या तेलाच्या नोकरीमागे इथे आलात आणि चाळिशी उलटल्यावर पहिली कादंबरी लिहिलीत, तेही नाही. बाहेर पन्नास डिग्री ऊन, आत एसीची घरघर, आणि तुम्ही मात्र पाचशे वर्षांपूर्वीच्या चिखलात आणि धुक्यात. राजाराण्यांवर तुम्ही कधी लिहिलं नाहीत. त्यांचे कपडे धुणाऱ्या, घोडे राखणाऱ्या माणसांवर लिहिलंत. तुमचे साहेब वारल्यावरही इंग्लंडला परत गेला नाहीत, हवल्लीच्या शाळेत शिकवत राहिलात. मी एकदा विचारलं तर म्हणालात, "तिथे गेले तर आजचं इंग्लंड दिसेल, आणि मग जुनं दिसायचं बंद होईल." मला तेव्हा ते वेडेपणाचं वाटलं होतं. आता निघायची वेळ आल्यावर थोडं कळतंय.

ऑफिस सुटलं की मी तुमच्याकडे यायची. पहिल्या दिवशी तुम्ही माझा स्पीड विचारला नाहीत. विचारलंत, "तुझी आई चुलीवर स्वयंपाक करायची?" मी खट्टू झाले, म्हटलं झाली आमच्या गरिबीची चौकशी सुरू. पण तुम्ही वही उघडून बसलात. ओली लाकडं कशी पेटवायची, फुंकणी धरून डोळे कुठे वळवायचे, रात्री निखारा राखेत कसा पुरायचा की सकाळी काडी लागू नये. "माझ्या देशात हे सांगणारं आता कुणी जिवंत नाही," म्हणालात. त्या संध्याकाळपासून तुमच्या सरदारांच्या मुदपाकखान्यांत माझी आई वावरायला लागली. पंधराव्या पुस्तकातली म्हातारी स्वयंपाकीण तर थेट तीच. पोळलेलं बोट केसांत पुसायची तिची सवयसुद्धा तुम्ही सोडली नाहीत. मी हे आईला पत्रातून कळवलं होतं. तिने उलट लिहून पाठवलं, त्यांना सांग, मी इतकी म्हातारी नाही.

आणि एकदा तुम्ही मला जे बोललात, ते अजून कानात आहे. लेक पोटात होती, आणि त्याच दिवसांत तुमच्या कादंबरीतल्या धोबिणीचं मूल मरतं ते पान टायपायला आलं. माझा हात धजेना. मी दोन ओळी गाळल्या. तुम्ही पान हातात घेतलंत आणि लगेच ओळखलंत. आवाज चढवला नाहीत, तेच जास्त लागलं. "तुला वाईट वाटलं तर रड, मी पाणी आणून देते. पण लिहिलेलं झाकायचं नाही. माझ्यापासून तर कधीच नाही." मी मान हलवली. पुढे जी चूक केली ती करायची नाही, हे तिथेच शिकायला हवं होतं मी.

शिवाय तुमची कामाची रीतही मला पुरती ठाऊक होती. तुमचं एकही पुस्तक पहिल्या फटक्यात पसंत पडलं नाही. दर वेळी लंडनच्या प्रकाशकाकडून दोषांची यादी यायची, तुम्ही ती भिंतीला टाचायचात, चहा टाकायचात आणि पान एकपासून पुन्हा सुरुवात. चेहरा असा खुलायचा की बघणाऱ्याला वाटावं बक्षीस लागलंय. "परत आलं ना, आता खरं पुस्तक सुरू होईल."

पंधराव्याच्या वेळी तुमचे डोळे गेले होते, म्हणून तुम्ही सांगायचात आणि मी टायपायची. ते पुरं करून लंडनला धाडलं, आणि मग पोटाचं दुखणं उघडं पडलं. डॉक्टरांनी बाहेर बोलावून मला सांगितलं, दोन महिने, फार तर. त्यानंतर आठवड्याभरात शाळेच्या शिपायाने ते पत्र आणून दिलं. संध्याकाळचे पाच वाजले असतील. तुम्ही उशीला टेकून बसलात, हात पांघरुणावर ठेवलेत आणि म्हणालात, "वाच." प्रकाशकाकडचा पत्र लिहिणारा माणूस नवा होता. पहिल्याच ओळीत होतं, कळवण्यास खेद होतो. आमच्याकडे जाणाऱ्या माणसाला वाईट बातमी सांगत नाहीत, मॅडम. माझ्या वडिलांना शेवटपर्यंत कुणी सांगितलं नाही की त्यांचा भाऊ आधीच गेलाय. मी पत्राची घडी घातली आणि म्हटलं, "घेतलं. त्यांनी पुस्तक घेतलं."

"बदल काय सांगितलेत?"

"काहीच नाही. स्वल्पविरामसुद्धा नाही."

तुम्ही पांघरुणाची कड सारखी केलीत. मग म्हणालात, "असं कधी झालं नव्हतं." आणि थोड्या वेळाने, "म्हणजे मला आता काही काम नाही." मला वाटलं, समाधानाने बोलताय. मी मनातल्या मनात स्वतःची पाठसुद्धा थोपटली.

त्यानंतर तुम्ही सात आठवडे होतात. मी रोज येत होते. पेज करायची, तुमचे पाय चेपायची. तुम्ही भिंतीकडे तोंड करून पडून राहायचात. रेडिओ नको, पुस्तक वाचून दाखवू का तर नको. एकदाच विचारलंत, "खरंच काहीच नाही?" मी म्हटलं, खरंच. त्याहून मोठं खोटं मी आयुष्यात बोलले नाही.

तुम्ही गेल्यावर शाळेची माणसं घर रिकामं करायला आली, तेव्हा ते पत्र मी पहिल्यांदा पुरतं वाचलं. दुसऱ्या परिच्छेदात लिहिलं होतं, आहे त्या रूपात घेता येत नाही याचा खेद आहे, पण मुदपाकखान्याची प्रकरणं तुम्ही आजवर लिहिलेल्यात सर्वांत चांगली आहेत. सरदाराला बाजूला करा, गोष्ट म्हाताऱ्या स्वयंपाकिणीची करा, आम्ही वाट बघतो. अंगात जोर असता तर तुम्ही दिवसाला चार पानं सांगितली असतीत, नसता तर दोन ओळी. पुस्तक पुरं झालं असतं असं मी म्हणत नाही. पण भिंतीला यादी टाचून तुम्ही गेला असतात. तुमचं काम मी तुमच्या हातातून काढून घेतलं, आणि वर तुम्हाला पेज भरवली.

हे माझं पत्र मी कुणाला पाठवणार? पोस्टाच्या पेटीत टाकायला पत्ता लागतो. तुमच्या कागदांतच ठेवतेय, रत्नागिरीला माझ्यासोबत येईल. लेकीला मघाशी सगळं सांगितलं, म्हटलं, पहिली ओळ वाचून माझे डोळे भरून आले, पुढचं दिसेचना. ह्यांनाही इतकी वर्षं हेच सांगत आलेय. तुम्हाला मात्र खरं सांगते. डोळेबिळे काही भरले नव्हते. त्या संध्याकाळी मला न्यायला आलेला व्हॅनवाला खाली हॉर्न वाजवत होता, एगैलाच्या मॉलमध्ये चादरींच्या सेलचा शेवटचा दिवस होता. दोन निळ्या चादरी मिळाल्या मला. एक फाटली, दुसरीत तुमचं पुस्तक बांधलंय.